डोंगरावर थांबलेली ओ

आप्पांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. लोकांना खालून वर न्यायचं, वरून खाली आणायचं आणि आपण मात्र दोन मजल्यांच्या मधल्या अंधारात तेलकट हातांनी लोंबकळायचं. मग नोकरी सरली, बायको गेली, मुलगी दूरच्या शहरात संसारात बुडाली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, एक रेडिओ तेवढा उरला. गाणी वाजवणारा नव्हे, बोलायचा. परवाना काढून हौसेनं बोलणाऱ्यांचा.

रोज संध्याकाळी दिवा लावला की ते बटण दाबून म्हणत, "मंडळी, आप्पा बोलतोय. कोणी आहे का?"

बटण सोडलं की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येई आणि मग 'टुक्'. बस्स. ते 'टुक्' काही माणसाचं नव्हतं. ते डोंगरावरच्या रिपीटरचं, आवाज पुढे पाठवणाऱ्या यंत्राचं होतं. "तुझं बोलणं पोचवलं बाबा, आता दुसऱ्याला बोलू दे," एवढाच त्याचा अर्थ. पण दुसरं कोणी नसलं की तेच 'टुक्' घरात कितीतरी वेळ रेंगाळत राही. आप्पा त्याच्यावरच जेवून घेत.

या रेडिओची लहर सरळमार्गी. डोंगराला वळसा घालणं तिला ठाऊक नाही. अलीकडच्या शहरातला आवाज पलीकडच्या खोऱ्यात जायचा तर मध्ये कुणीतरी माथ्यावर बसायला हवं. म्हणून आप्पांच्या मंडळानं फार पूर्वी तिथल्या मनोऱ्याखालच्या खोलीत ते यंत्र बसवलं होतं. एका लहरीवर ऐकायचं आणि त्याच क्षणाला, तेच, दुसऱ्या लहरीवर मोठ्यानं बोलायचं. कान एका सुरात, तोंड दुसऱ्या सुरात. दोन्ही एकाच सुरात ठेवली तर यंत्र स्वतःचंच बोलणं ऐकून स्वतःशीच घुमत बसेल. "आपल्या भाषणबाज अध्यक्षांसारखं," असं आप्पा नव्या लोकांना सांगत. तेव्हा नवे लोक येत असत.

आता अध्यक्षही नव्हते आणि नवे लोकही नव्हते. कुणी वारलं, कुणी गाव सोडलं, बाकीच्यांच्या खिशात फोन आले. राहता राहिल्या होत्या पलीकडच्या खोऱ्यातल्या अक्का. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेल्या. रोज संध्याकाळी आप्पांच्या हाकेला त्यांची ओ येई, "आहे रे बाबा, जाते कुठे!" दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण अक्कांच्या सुनेला भाजीत मीठ किती लागतं ते आप्पांना ठाऊक होतं आणि आप्पांचा गुडघा कोणत्या जिन्यावर कुरकुरतो ते अक्कांना.

एका संध्याकाळी आप्पा थट्टेत म्हणाले होते, "अक्का, तुमची गोष्ट म्हणजे मधेच अडकलेली लिफ्ट. ना वर, ना खाली."

दुसऱ्या दिवसापासून अक्कांची ओ बंद झाली.

रागावल्या, आप्पांनी ताडलं. येतील दोन दिवसांत. त्याच सुमारास डोंगराच्या पायथ्याशी वेल्डिंगचा कारखाना सुरू झाला आणि त्याची खरखर ऐकून रिपीटर वेड्यासारखा दिवसभर बरळू लागला. आप्पांनी वर जाऊन त्याला कुलूप घातलं. म्हणजे असं, की बोलणाऱ्याच्या रेडिओनं आवाजाखाली एक बारीक गुणगुण पाठवायची, कानाला न कळणारी. ती गुणगुण ओळखली तरच यंत्र तोंड उघडणार. खरखरीला गुणगुण कुठली! ती दाराबाहेरच राहिली. गुणगुण कोणती लावायची हे आप्पांनी आठवडाभर रोज हवेवर सांगितलं. अक्का ऐकत असतीलच, रुसलेलं माणूस जास्तच कान देऊन ऐकतं, असं त्यांना वाटलं.

ओ काही आली नाही. वर्ष उलटलं. आप्पांनी चौकशी केली नाही. रागावल्या असतील तर हरकत नव्हती. त्याहून वाईट काही कानावर येईल, याची त्यांना भीती होती.

मंडळात आता दुसरा एकच सभासद होता, तोही नावापुरता, एक दंतवैद्य. मनोऱ्याच्या मालकाला खोली हवी होती.

"आप्पा, सोडा आता," दंतवैद्य म्हणाला. "वर्षभरात तुमच्याशिवाय कोणी बोललंय का त्यावर? मुळापासून हललेला दात आहे हा. उगाच जिभेनं चाचपत बसायचं."

"दुखत तर नाहीये ना?"

"तुम्हाला दुखतंय."

आप्पांनी मान्य केलं. एकच अट घातली, शेवटची हाक खोलीतूनच द्यायची. म्हणून दवाखाना आटोपल्यावर दंतवैद्यानं त्यांना गाडीतून माथ्यावर नेलं. आजवर आप्पा इथे यायचे ते भर दुपारी, बॅटरीत पाणी घालायला. संध्याकाळी पहिल्यांदाच.

खोलीत धूळ आणि तापलेल्या तारांचा वास होता. यंत्रावर दोन दिवे. हिरवा लागला की ऐकतंय, लाल लागला की बोलतंय. आप्पांनी हातातला छोटा रेडिओ तोंडाशी धरला.

"मंडळी, आप्पा बोलतोय. कोणी आहे का?"

दोन्ही दिवे लागले, विझले. 'टुक्.'

दंतवैद्यानं वायर सोडवायला पाना काढला. तेवढ्यात हिरवा दिवा लागला. लाल लागला नाही.

"खरखर असेल," आप्पा म्हणाले, आणि म्हणता म्हणता थबकले. वेल्डिंगची खरखर दिवा लुकलुकवते. हा दिवा स्थिर होता. माणूस बटण दाबून बोलत असतो, तेव्हाच असा स्थिर राहतो.

त्यांनी यंत्राच्या आतल्या स्पीकरचं बटण फिरवलं. खरखरीमुळे ते कायम बंदच असे.

"...आहे रे बाबा, जाते कुठे! आज पायरी उतरले हो मी. एकच. सुनेनं धरलं होतं, पण उतरले. त्या इस्पितळातनं आल्यापासून पहिल्यांदा. तुला काय त्याचं, तू पक्का बहिरा झालायस. असो. झोप वेळेवर." मग बोलणं हळू झालं, जात्यावर म्हटल्यासारखं:

"हाक आली डोंगराची, ओ मी देते दारातून,
माझी ओ गं वाट चुके, कुण्या वळणावरून."

हिरवा दिवा विझला.

आप्पांच्या आता लक्षात आलं. अक्का इस्पितळात असताना आपण गुणगुण सांगत होतो. घरी आल्या तेव्हा त्यांचा रेडिओ जुन्याच चालीचा. त्यांना आपली हाक रोज ऐकू येत होती. त्यांची ओ रोज इथवर चढून येत होती आणि आपणच लावलेल्या कुलपापाशी थांबत होती.

त्यांनी कुलपाची कळ खाली ओढली आणि घाईघाईनं बोलले, "अक्का! ऐकलं मी! पायरी उतरलात ना? ऐकलं!"

या वेळी दोन्ही दिवे लागले आणि आवाज हातातल्या रेडिओतून आला, मागे खरखर घेऊन.

"कोण? आप्पा, तू... माझ्याशी बोलतोयस?"

"चूक माझी हो. कुलूप मी घातलं होतं. तुमचं बोलणं माझ्यापर्यंत येतच नव्हतं."

"किती दिवस ऐकतोयस?"

"आजच."

"आणि बाकीचं? वर्षभराचं?"

"ते इथवर आलं, अक्का. या खोलीत. इथं कोणी नव्हतं."

खरखर वाढली, कमी झाली.

"बरंच बोलले रे मी."

"परत सांगा की. मला घाई नाही."

"ते का परत सांगता येतं?" अक्का म्हणाल्या. "तुला ऐकू येत नाही, म्हणून तर बोलले."

दोन्ही दिवे लागलेलेच होते. अक्कांनी बटण दाबून धरलं होतं आणि त्या बोलत नव्हत्या. त्यांच्या खोलीतला नळ ठिबकताना ऐकू येत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग नुसता श्वास, म्हातारा, थोडा अडखळणारा.

"काय झालं? बोलत का नाहीत?" दंतवैद्य कुजबुजला.

आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. दंतवैद्यानं पाना पिशवीत टाकला, बाहेर जाऊन गाडीचे दिवे बंद केले आणि दाराशीच उभा राहिला. आप्पा बॅटरीच्या पेटीवर बसले, रेडिओ कानाशी घट्ट धरून, आणि ऐकत राहिले.