आषाढात बदललेली कुंडी

मी फिडल लीफ फिग बोलतोय. नाव ऐकून हसू नका, ते मी ठेवलेलं नाही. मी उंबराच्या भाऊबंदांतलाच, फक्त परदेशचा आणि जरा नखरेल. पाणी जास्त झालं की रुसतो, कमी झालं की पानं टाकतो, जागा हलवली तर महिनाभर तोंड फिरवून बसतो. पण आजचं गाऱ्हाणं खरं आहे. माझी मुळं कुजली आहेत, आणि त्याचा सगळा आळ एकाच माणसावर आलाय.

तळेगावच्या एका नर्सरीतून त्र्यंबकरावांनी मला लोणावळ्याला आणलं, तेव्हा मी जेमतेम गुडघाभर होतो. गॅलरीत मांडी घालून त्यांनी मला चिनी मातीच्या निळ्या कुंडीत लावलं. कुंडी दिसायला सुरेख, पण पोट मोठं आणि गळा बारीक.

"अहो, हे वाढल्यावर बाहेर कसं काढणार?" इंदिराबाईंनी विचारलं. त्या त्यांच्या पत्नी, शाळेतल्या बाई, त्यामुळे पुढचं बघायची सवय.

"तेव्हाचं तेव्हा बघू," ते म्हणाले. पुढच्या दिवाळीनंतर ते गेले.

मी मात्र वाढत राहिलो. दोन वर्षांत मुळांनी कुंडी गच्च भरली. ती गोल फिरून एकमेकांत गुंतली आणि खालच्या भोकातून बाहेर आली. पाणी घातलं की सरळ ताटलीत. नवं पान यायचं तेही तळहाताएवढंच. अहो, याहून स्पष्ट मी काय बोलणार? फाल्गुन-चैत्रात, पालवी फुटायच्या बेतात असताना, दोन बोटं मोठी कुंडी, खाली भोकं आणि पाणी झिरपेल अशी भुसभुशीत माती. मुळं अलगद सैल करायची आणि मग पंधरा दिवस माझ्या वाटेला जायचं नाही. एवढंच माझं मागणं होतं.

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. दोनदा त्यांनी नवी कुंडीसुद्धा आणली. पण मला बाहेर काढायचं तर निळी कुंडी फोडावी लागणार होती. हातोडी घेऊन त्या समोर बसायच्या, कुंडीवरून ओला फडका फिरवायच्या आणि उठायच्या. "पुढच्या वर्षी नक्की." अशी तीन वर्षं गेली. मला त्यांचा राग यायचा, आणि कीवही यायची.

घरकामाला चिमाबाई यायची, जवळच्या वडिवळे गावाहून. फरशी पुसताना ती माझ्याशी बोलायची. "लय दाटलायस रं बाबा. मुळाला जागाच न्हाई हितं."

यंदा आषाढात बाई पंधरा दिवस लेकीकडे पुण्याला गेल्या. चिमाबाईच्या घरची भातलावणी नुकतीच उरकली होती. माझी खालची चार पानं गळलेली बघून तिला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी येताना तिनं खाचरातला चिखल गोणीत भरून आणला, आणि स्वयंपाकघरातला वरवंटा उचलून निळी कुंडी फोडली.

खोटं कशाला बोलू, मी सुखावलो! इतक्या वर्षांनी मुळांना वारा लागला. पण पुढचं सगळं तिनं भाताच्या रोपाला करतात तसं केलं. माझी मुळं नळाखाली खळखळून धुतली, बिनभोकाच्या टबात चिखल ओतला, त्यात मला रोवलं आणि वर चार बोटं पाणी उभं केलं.

"आता कसं मोकळं वाटंल बघ," ती म्हणाली. तिच्या हातची रोपं जन्मभर अशीच जगली होती. अगं बाई, मी भात नाही! पण ओरडायला तोंड कुठून आणू? बाहेर धुकं, खिडक्या बंद, उन्हाचा पत्ता नाही. रोज ती मायेनं आणखी पाणी घालायची. आठ दिवसांत पानांवर तपकिरी डाग पडले आणि बुंध्याशी आंबूस वास येऊ लागला.

बाई परत आल्या. त्यांना आधी मी दिसलोच नाही, निळे तुकडे दिसले. चिमाबाईनं ते पाटीत जपून ठेवले होते.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी न्हाई बाई. मरत व्हतं म्हून..."

"यांची कुंडी होती ती! आणि झाडही मारलंत. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

चिमाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती जिना उतरली.

त्याला आज चार दिवस झाले. बाई टेबलाशी बसून तुकडे चिकटवतात, माझ्याकडे पाठ करून. त्यांचं दुःख खोटं नाही हो. पण चिखलात मी पंधरा दिवस होतो आणि त्याआधी तीन वर्षं गुदमरत होतो, हे त्या कुणालाच सांगणार नाहीत, स्वतःलाही नाही.

माझं आता फार राहिलं नाही. बुंधा बोटानं दाबला तर मऊ लागतो. बाई, उद्या मला कचऱ्याच्या गाडीत टाका, माझी तक्रार नाही. फक्त वडिवळ्याला एक निरोप धाडा, की झाड तिनं एकटीनं मारलं नाही.