काजळीखालची हिरवी शाल

मित्रांनो, मी भिंतीवरचं एक जुनं चित्र आहे. ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर पानागोसच्या कॉफीच्या दुकानात माझा मुक्काम असतो. होड्या रंगवणाऱ्या एका माणसाने मला काढलं.

माझ्यात धान्याची देवी दीमित्रा आहे आणि तिची लेक पर्सेफोनी. पाताळाच्या राजाने लेकीला पळवलं. तिथे तिने डाळिंबाचे दाणे खाल्ले, म्हणून दरवर्षी काही महिने तिला खालीच राहावं लागतं. तेवढे महिने आई झुरते आणि शेतात काही उगवत नाही.

मी नवं असताना लोक कप हातात धरून मला बघत बसायचे. मला फार बरं वाटायचं. पुढे चुलीचा आणि सिगारेटींचा धूर माझ्यावर साचत गेला. आईची शाल काळी पडली, लेकीच्या पायाशी नुसते लाल ठिपके उरले. मग गावाने ठरवूनच टाकलं, की आई विधवेच्या काळ्या कपड्यांत आहे, डाळिंबाचे दाणे सांडलेत आणि लेक पाताळात निघाली आहे. अपशकुन नको म्हणून माझ्याखालच्या टेबलाशी कुणी बसेना.

बसायची फक्त आर्गिरो मावशी. तिची लेक फ्रोसो भांडून जर्मनीला गेली होती आणि मावशीने हट्टाने एकदाही फोन केला नव्हता.

ईस्टरच्या आधी आमच्याकडे घरं, पायऱ्या, झाडांचे बुंधेसुद्धा चुन्याने रंगवतात. यंदा पानागोस बादली घेऊन थेट माझ्यासमोर आला.

"ऊठ मावशी. हे सुतक आता बास झालं, गिऱ्हाईक पळतंय."

"गिऱ्हाईक तुझ्या कॉफीने पळतंय. आणि काजळीवर चुना मारशील तर दोन दिवसांत पिवळा पडेल. थांब, आधी पुसून देते."

काजळी टिपायला तिने पावातला मऊ गर काढला आणि मला हळूहळू घासायला घेतलं. लाल ठिपक्यांना हिरवे देठ फुटले. ते दाणे नव्हतेच. वसंतात आमच्या बांधांवर उगवतात ती तांबडी रानफुलं होती. मग शालही उजळली, कोवळ्या सातूसारखी हिरवी.

मावशीचा हात थांबला.

"पानागोस, ही चाललेली नाही रे. परत आलीय."

"कशावरून?"

"शेत हिरवं कधी होतं? लेक आल्यावरच ना?"

पानागोसने बादली खाली ठेवली. "मग या चुन्याचं काय करू?"

"बाहेरच्या पायऱ्यांना लाव. आणि तुझा फोन दे इकडे."

फोन लागताच ती घाईने बोलली. "फ्रोसो, आई बोलतेय. बांधावर फुलं आलीत गं. ईस्टरला नाही जमलं तर उन्हाळ्यात ये. माझं चुकलं असेल तर भांडायला ये."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मावशी मात्र रडता रडता हसली.

मित्रांनो, एखादं जुनं चित्र काळं दिसलं, तर त्यावर लगेच चुना फिरवू नका. आधी हलक्या हाताने पुसून बघा. आता माझ्याखालच्या टेबलाशी बसायला गर्दी होते. पण मावशीच्या शेजारची खुर्ची कुणी ओढली, की ती म्हणते, "ती राहू दे. माझी लेक यायची आहे."