वाढवा एकदाचं

तात्यांनी जन्मभर किराणा दुकान चालवलं, पण रात्री कुलूप लावताना 'बंद' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. दुकान बंद नाही करायचं, वाढवायचं. बंद म्हणणं अशुभ! म्हणून परदेशात मुलाकडे राहायला आल्यावर स्वयंपाकघरातून सुनेचं बोलणं कानावर पडलं, "तात्यांचं आता वाढवून टाकू या," तेव्हा त्यांच्या काळजात चर्र झालं.

घ्या! म्हणजे आता गाशा गुंडाळा.

व्हिसाची मुदत संपत आली होती हे का त्यांना ठाऊक नव्हतं? पण एवढी घाई? नात आत्ता कुठे 'ताता' म्हणायला लागली होती. तिला सोडून जायच्या विचारानंच त्यांना घास उतरेना. आणि ही सून सकाळ-संध्याकाळ विचारते, "गुडघा कसा आहे?" कशाला विचारते? माल परत पाठवण्याआधी फुटलाबिटला नाही ना बघतात, तसं!

हाकलण्याआधी आपण तयार असलेलं बरं, म्हणून तात्यांनी बॅग भरून पलंगाखाली सरकवली. दुसऱ्या दिवसापासून ते खोलीत आले की मुलगा नि सून बोलायचे थांबू लागले. बघा! मनातली पाल उगाच चुकचुकत नव्हती.

शेवटी मुलगा त्यांना व्हिसाच्या कचेरीत घेऊन गेला. काचेपलीकडे दगडी चेहऱ्याचा अधिकारी, शेजारी आपली भाषा बोलणारी दुभाषी बाई.

"आजोबा, वाढवायचं ना?" बाईंनी विचारलं.

तात्यांनी मुलाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. तेवढं पुरे झालं.

"वाढवा!" तात्या कडाडले. "आजच वाढवून टाका, म्हणजे यांचा जीव भांड्यात पडेल!"

बाई हसून अधिकाऱ्याला काहीतरी म्हणाल्या. त्यानं शिक्का मारला.

"अजून दोन वर्षं, तात्या!" मुलानं त्यांचा हात घट्ट धरला.

"कुणाला?"

"तुम्हाला! तुम्हीच म्हणालात ना, मुदत वाढवा म्हणून?" त्याचे डोळे भरले होते. "मला वाटलं, तुम्ही नकोच म्हणणार. पलंगाखाली भरलेली बॅग बघितली मी. तेव्हापासून आम्ही दोघं नुसते कुजबुजतोय, तात्यांना विचारायचं कुणी? नाहीच म्हणाले तर?"

तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायची सोय नव्हती.

"अरे, उन्हाळ्याचे कपडे आहेत ते," ते खाकरून म्हणाले. "कपाटात जागा कर जरा. घरी गेल्यावर दोघं मिळून लावू."