सत्यवतीबाईंची पट्टी

लाखनीत कुणालाही विचारा, कमलेश कसा माणूस? म्हणतील, गरीब गाय. अहो, अशाच गाईची लाथ वर्मी बसते!

सत्यवतीबाईंच्या गाण्याच्या पार्टीत तो मशीन वाजवायचा. मशीन म्हणजे कीबोर्ड, ज्यात ढोलकी, बासरी, सगळा ताफा बटनावर वाजतो. बाई पेटीच्या काळी चार पट्टीत गायच्या. अंतऱ्याला चढल्या की हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्नही बापडे वाटायचे. कार्यक्रमाची सुपारी यायची ती बाईंच्या नावावर. कमलेशची बायको रिता मागे कोरसला उभी राहायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

जवाहरनगरच्या कार्यक्रमात मशीन मध्येच बंद पडलं. बाई माइकवर हसत म्हणाल्या, "हा आमचा कमलेश. बटन दाबाचं एकच काम, तेही होत नाही बिचाऱ्याले!" मंडप खो खो हसला. कमलेशही हसला, पण ते त्याच्या पोटात राहिलं आणि तिथंच सडलं.

वर बाईंनीच फर्मान सोडलं, "या मशीनचा भरवसा नाही. सारे ट्रॅक कम्प्युटरात भरून टाक."

"हो मावशी," कमलेश म्हणाला.

दुपारी त्यानं मशीनची वायर लॅपटॉपला जोडली, आवाज फाटू नये म्हणून नीट तपासून घेतला. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी मात्र मशीनवरचं सूर चढवायचं बटन दाबलं. काळी चारची काळी पाच झाली. रिता भाजी चिरता चिरता थांबली.

"हे तं माही पट्टी आहे. मावशीले कशी झेपंल?"

"गुमान राय," तो म्हणाला, आणि एकेक करून सगळी गाणी त्यानं तशीच भरली.

जयंतीच्या कार्यक्रमाला ही गर्दी! ट्रॅक लागला. मुखडा बाईंनी कसाबसा ओढून नेला. अंतऱ्याला आवाज चिरला. पुन्हा चढल्या, पुन्हा चिरला. त्यांनी हातानं खूण केली, खाली घे. कमलेश ट्रॅक थांबवून जवळ गेला आणि अगदी मायेनं, पण माइकमध्ये जाईल अशा बेतानं बोलला, "मावशी, काळी चारच आहे. तुमचीच. गळा गेला असंल."

पुढच्या रांगेतल्या बायका चुकचुकल्या. हसल्या असत्या तर परवडलं असतं. बाईंनी स्वतःच माइक रिताच्या हातात दिला. रितानं तोच अंतरा सहज उचलला आणि टाळ्या पडल्या. बाई मागच्या खुर्चीवर गळा चाचपत बसून राहिल्या.

पुढच्या सुपाऱ्या रिताच्या नावावर आल्या. मेला इथं थांबला असता तरी म्हटलं असतं, चला, फिटंफाट झाली!

पण एक दिवस बाई घरी आल्या. भर उन्हाळ्यात गळ्याला फडकं, आवाज घोगरा. "कमलेश, तो ट्रॅक माह्या मोबाईलवर टाकून दे ना बापू. घरी रियाज करीन. आपल्याच पट्टीत गळा जात नाही, लाज वाटते रे."

मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. खऱ्या काळी चारचा ट्रॅक तिथल्या तिथं भरून देता आला असता. रिता दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग आत निघून गेली.

कमलेशनं तोच ट्रॅक टाकून दिला. वरून सांगितलं, "रोज म्हणा मावशी. जोर लावून. मोकळा होईल गळा." केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच!

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सारे सोडून गेले. तूच एक आपला."

आता रोज सांजेला बाईंच्या घरातून तो ट्रॅक ऐकू येतो. अंतरा येतो, आवाज फाटतो, ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून लागतो. तिथून जाताना कमलेश मोटरसायकल हळू करतो, ऐकतो आणि पुढं जातो. डॉक्टरनं बाईंना बोलणंसुद्धा बंद करायला सांगितलंय. शेजारीण रागावली, तर बाई कशाबशा कुजबुजल्या, "कमलेशनं सांगितलं हाये, जोर लावून म्हणा."