जावळाची माशी

सारिकाच्या सत्यमचं जावळ काढलं, त्याच वर्षी कोंडाजी नाहीसा झाला. वैशाख होता. पवना धरणाचं पाणी तळाकडे सरकत होतं. जावळ रविवारी झालं आणि सोमवारी दुपारी जेवायला हाक मारली तर माणूस नाही.

महिपतीचं घर धरणाच्या काठाला. सारिका त्याची एकुलती लेक आणि सत्यम तिचं पहिलं मूल. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसवायचं असतं, पण सारिकाला भाऊ कुठला? म्हणून तिचाच मामा पुढे झाला. कोंडाजी हा महिपतीच्या बायकोचा, रतनबाईचा धाकटा भाऊ. वरच्या वाडीला बायको रेणुकेसोबत राहायचा आणि काठावरच्या एका बंगल्यावर वॉचमन होता.

सत्यमचे केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे भुरे होते. सगळे हसायचे, "सारिके, साहेब जन्माला आला गं तुझ्या पोटी!" न्हाव्याने वस्तरा लावला तसं पोर किंचाळलं आणि मामाच्या नव्या धोतरावर मुतलं. कोंडाजी म्हणाला, "मुत बाबा, मुत. धोतर तुझ्याच आज्यानं दिलंय."

बंगल्याचे मालक गोपाळकृष्ण साहेब पुण्याचे. त्यांना माशीने मासे धरायचा नाद. गांडूळ नाही, कणीक नाही. बारीक गळाला पिसं आणि केस गुंडाळून किडा नाहीतर बेडकी बनवायची, तिला माशी म्हणायचं. लवलवती काठी आणि जाड पिवळी दोरी घेऊन ती आसुडासारखी पाण्यावर फेकायची. दोरीच्या टोकाला हातभर बारीक नायलॉनचा धागा, म्हणजे तंगूस असतो, त्याला माशी बांधायची. साहेबांनी ही विद्या कोंडाजीला दिली आणि कोंडाजीने महिपतीला. पण त्या हातभर तंगुसावरून मेहुण्या-मेहुण्यांचं कधी पटलं नाही.

कोंडाजी म्हणायचा, "दाजी, तंगूस बारीकच पायजे. एक तर माशाला दिसत न्हाई. आन खोडाला अडकला तर तुटून मोकळा व्हतो."

"आणि मरळ लागल्यावर? तेव्हाबी तुटून मोकळाच की," महिपती म्हणायचा. मरळ हा ताकदीचा मासा, गळ लागला की थेट गवतात शिरतो. महिपती लोणावळ्याच्या बाजारातून जाड हिरवा तंगूस आणायचा. त्याने बैलसुद्धा बांधता आला असता, असं कोंडाजी चारचौघांत सांगायचा.

जावळ झालं. केस पाण्यात सोडायचे असतात. कोंडाजी म्हणाला, "द्या हिकडं, म्या सोडतो धरणात." पण सोडताना त्याने चिमूटभर मागे ठेवले. ओसरीवर बसला, गळ चिमट्यात धरला आणि ते भुरे केस एकेक करून बांधायला लागला. अंगाला सत्यमच्या करदोट्याचं उरलेलं लाल रेशीम गुंडाळलं. कधी कात्री न लागलेले केस, त्यांची टोकं धुरासारखी विरळ. फुंकर मारली की माशी जिवंत वाटायची.

रतनबाई ओरडली, "मुडद्या, लेकराचं जावळ गळाला बांधतूस व्हय?"

"आक्का, एकदा पाण्यात फिरवून आनतो. मग डबीत ठिवू. सत्यम मोठा झाला की दावू त्याला, बघ तुझं जावळ."

"आन हारवलंस म्हंजी?"

"न्हाई हारवत. शपथ."

महिपतीला संधीच मिळाली. त्याने हिरव्या तंगुसाचं रीळ कोंडाजीच्या मांडीवर टाकलं. "मग हा बांध. तुझ्या त्या कोळिष्टकाला बांधलंस तर जावळ मरळीच्या पोटात जाईल."

कोंडाजीने रीळ फिरवून फिरवून पाहिलं. "आज तुमचं ऐकतो दाजी," तो म्हणाला. "लेकराचं जावळ हाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी कोंडाजीचा फोन बंद लागला. दोन दिवस शोधलं. नाव फिरवली, काठ पालथा घातला, काहीच सापडलं नाही. मग वार्ता आली की बंगल्यावर स्वयंपाकाला असलेली अनिताही सोमवारपासून कामावर नाही. आणि कुणीतरी सांगितलं, कोंडाजीसारखा एक माणूस वडगावला लोकलमध्ये चढताना दिसला, बरोबर बाई होती. लोकांना तेवढं पुरलं. शोध तिथेच थांबला.

महिपतीनेही मान्य केलं. रतनबाई रडायला लागली की तो म्हणायचा, "तुझ्या भावानं घरची बाई टाकली. त्याचं नाव ह्या घरात नको." दीड वर्षाने अनिता एकटीच गावात आली. आईच्या आजारपणासाठी साताऱ्याला गेले होते, म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. टाकून दिली असेल त्याने, एवढंच लोक बोलले.

धरणाच्या काठाला तंबू लावून राहायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, त्यांच्यासाठी रेणुका चुलीवर भाकरी थापायची. कपाळाचं कुंकू तिने कधी पुसलं नाही. कुणी टोमणा मारलाच तर म्हणायची, "हाय ना पन जित्ता? मग झालं."

सत्यम पहिलीत जाणार होता, त्या उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं. जिथे नाव चालायची तिथे भेगाळलेला चिखल दिसायला लागला. सकाळी महिपती काठी घेऊन बंगल्याखालच्या उतरणीला गेला. तिथे बुडीत गावातल्या जुन्या आंब्याचा खुंट आहे. एरवी पाण्याखाली असतो, आणि मरळ त्याच्या मुळांत बसते. आज खुंटाचं डोकं वर निघालं होतं. महिपतीने माशी फेकली आणि ती खुंटातच रुतली. ओढली, निघेना. तंगूस जाड हिरवा, तुटायचं नाव नाही. स्वतःशीच शिवी हासडून तो धोतर खोचून पाण्यात उतरला. गुडघाभर पाणी होतं.

खुंटाला हात लावला तर तिथे दुसरा तंगूस होता.

हिरवाच. शेवाळाने माखलेला. एका फांदीच्या बेचक्यात एक गळ रुतलेला होता. महिपतीने अंगठ्याने चिखल पुसला. गंजलेल्या गळावर लाल रेशमाचे चार वेढे होते, आणि त्यांच्याखाली चिकटून बसलेले भुरे केस.

महिपतीला वाटलं, हा दुसराच कुणाचा तरी गळ असेल. मग वाटलं, असे केस दुसऱ्या कुणाचे असतील? त्याने तंगूस ओढून पाहिला. पाच वर्षं पाण्यात राहून तो तुटला नाही. तंगूस हातात धरून तो त्याच्या मागे मागे गेला. तंगूस खाली गेला, पिवळ्या दोरीला लागला, आणि दोरी मुळांच्या जाळीत शिरली. तिथे काठी होती, रीळ होतं. आणि मुळांच्या दोन फाट्यांत, चिखलात, साहेबांनी दिलेला मांडीपर्यंतचा रबरी बूट अडकलेला होता. महिपतीने बूट उपटायला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बूट रिकामा नव्हता.

तो पाण्यातच खाली बसला. कसं झालं असेल ते त्याला कुणी सांगायला नको होतं. माशी फांदीत रुतली. बारीक तंगूस असता तर एका हिसक्यात तुटला असता आणि कोंडाजी शिव्या देत घरी आला असता. जाड तुटला नाही. आणि जावळाची माशी तो सोडणार नव्हता. तेव्हा हा खुंट पाण्याखाली होता, कोंडाजी छातीभर पाण्यात चालत गेला असेल. बुटात पाणी भरलं, पाय मुळांत अडकला आणि तोल जाऊन तो पाण्याखाली गेला. आणि वर सगळं गाव त्याला वडगावच्या लोकलमध्ये बसवून मोकळं झालं.

महिपतीने सुरीने तंगूस कापला. माशी मुठीत घेतली आणि ओल्या धोतराने वरच्या वाडीला गेला.

रेणुका चुलीपुढे होती. तव्यावर भाकरी फुगली होती. ती म्हणाली, "भाऊ, एवढ्या सकाळच्याला? धोतराला चिखल कशाचा वो?"

"रेणुका, तवा खाली उतरव."

"जळंल की. तंबूवाली मानसं खोळंबल्यात."

"उतरव म्हणतो."

तिने तवा उतरवला. महिपतीने मूठ उघडली. तिने आधी माशी पाहिली, मग त्याचं तोंड पाहिलं.

"हे सत्यमचं जावळ," ती म्हणाली.

"व्हय."

"कुटं घावलं?"

"बंगल्याखालच्या आंब्याच्या खुंटाला. तोबी तितंच हाय, रेणुका. पाय अडकलाय मुळात. कुटं गेलाच न्हवता त्यो."

रेणुकेने पिठाचे हात लुगड्याला पुसले, परत पुसले. "मला वाटायचं, कुटंतरी जेवत असंल," ती म्हणाली. "कुनाच्याबी हातचं का हुईना. सांच्याला भाकरी थापताना मनात यायचं, आता त्योबी बसला असंल जेवाया. पाच वरसं, भाऊ." आणि मग एकदम ओरडली, "हितं! हाकंच्या अंतरावं! म्या रोज ह्याच पान्यात भांडी घासली!"

शेजारच्या बाया धावत आल्या. त्यांना काय झालं ते कळेना. रेणुकेने महिपतीचं मनगट धरलं, माशीला लोंबणारं हिरवं टोक ओढून पाहिलं.

"हा तंगूस त्येचा न्हाई. त्यो बारीक वापरायचा."

महिपतीला खोटं बोलता आलं असतं. बायांच्या देखत तो म्हणाला, "माझा हाय. म्याच दिला. हारवू नको म्हणून."

तिच्या डोळ्यांत राग यायला हवा होता, तो आला की नाही ते महिपतीला समजलं नाही. तिने माशी त्याच्या तळव्यावरून उचलली, पदराच्या टोकात बांधली आणि म्हणाली, "आक्काला सांगा. आन त्या अनितालाबी सांगा. गावात सगळ्यांना सांगा. तुमीच सांगा, तुमच्या तोंडानं."

महिपती निघाला. आधी पोलीस पाटलाकडे गेला, मग रतनबाईकडे, मग दारोदार. दुपारी वडगावाहून पोलीस आले, पंचनामा झाला, आणि संध्याकाळी जे मिळालं ते काठावरच अग्नीला दिलं. प्रत्येक दारात त्याने एकच गोष्ट सांगितली, आणि ती अशी: कोंडाजी बायकोला टाकून गेला नाही. तो सत्यमच्या जावळाच्या दुसऱ्या दिवशी, वैशाखातल्या सोमवारी सकाळी, बंगल्याखाली धरणात बुडून मेला.