फ्रीजमधले फोटो

चष्म्याचं दुकान विकल्यापासून हे घरात तोंड पाडून बसायचे. मग माळ्यावरून लग्नाआधीचा तो कॅमेरा निघाला, बटण दाबलं की घरघरत लगेच फोटो बाहेर टाकणारा, आणि माझा नवरा मला परत मिळाला. खरं सांगते, मी सुखावले.

फिल्म थंड ठेवावी लागते म्हणे. म्हणून यांनी फ्रीजमधला भाज्यांचा कप्पा बळकावला. मी कुरकुरले, पण उगाच आपलं. पहिला फोटो सासूबाईंचा. पांढऱ्या चौकटीत आधी नुसता राखाडी धूर, मग हळूहळू त्यांचं नाक, मग त्या नाकाच्या शेंड्यावरचा राग. आम्ही तिघं डोक्याला डोकी लावून बघत बसलो होतो. दुसरा इस्त्रीवाल्याचा. तो फोटो हलवायला लागला तर हे त्याच्यावर खेकसले. तिसरा आमच्या लेकीचा, बबडीचा, ती राहायला आली होती तेव्हाचा, खिडकीपाशी खुर्चीत बसलेली.

रंग उडू नयेत म्हणून काढलेले फोटोही यांनी फ्रीजमध्येच ठेवले. "फिल्मला जे मानवतं ते फोटोलाही मानवणार," म्हणाले. दुकानदार माणूस, कुणाचं ऐकेल तर शपथ.

त्या आठवड्यात इस्त्रीवाला भर उन्हात स्वेटर घालून आला. "ताई, इस्त्रीपाशी उभं राहूनही हुडहुडी जात नाही." सासूबाई दुसरी रजई मागायला लागल्या. बबडी फोनवर म्हणाली, "आई, मला सारखी झोप येते गं." मी म्हटलं, आळशीपणा, दुसरं काय.

मग एका सकाळी कोबी काढताना सासूबाईंचा फोटो हाती आला. हात भरलेले, म्हणून काखेत धरला आणि तशीच त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी दोन्ही रजया लाथाडल्या होत्या.

"किती ऊब आली गं," त्या म्हणाल्या. "आईच्या काखेत निजल्यासारखं वाटतंय."

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. फोटो परत कप्प्यात ठेवून आले. त्यांचे दात वाजायला लागले.

मी धावत जाऊन दोन्ही फोटो बाहेर काढले. तिसरा नव्हता.

"अहो, बबडीचा कुठाय?"

"वर, फ्रीजरमध्ये," हे कौतुकाने म्हणाले. "तोच तर सगळ्यात जपायचा."

मी फ्रीजर उघडला. फोटो बर्फाच्या थरात रुतून बसला होता. मी सुरी उचलली.

"सुरी नको," हे म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना सगळं कळलं असावं. ते बबडीला फोन लावत राहिले. ती उचलत नव्हती. मी बर्फावर तळहात दाबून फुंकत होते, तोंडाने देवाला शिव्या घालत होते. फोटो सुटला तेव्हा त्यात खुर्ची होती, खिडकी होती, आणि खुर्चीत नुसता राखाडी धूर.

मी तो छातीशी धरला, दोन्ही हातांनी घट्ट दाबून. मग फोन वाजला. माझे हात अडकलेले, म्हणून यांनी तो माझ्या कानाला लावला.

"आई," बबडीचा आवाज झोपेतून आल्यासारखा होता, "हात काढू नकोस."

बबडी आता ठणठणीत आहे. मी हात अजून काढलेला नाही. हे मला भरवतात.