दोन उमेदवार आणि एक काळा मार्कर

मी एक जुना पांढरा फळा आहे. दुबईच्या अल कुसैसमधल्या एका लेबर कॅम्पच्या मेसमध्ये, हात धुण्याचे नळ आणि भाताचं मोठं पातेलं यांच्या मधल्या भिंतीवर मी टांगलेलो आहे. माझा खालचा डावा कोपरा चेपला आहे. मार्कर ठेवायची पट्टी एका बाजूला उतरती झाली आहे, त्यामुळे तिच्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तू हळूहळू उजवीकडे घरंगळते. माझ्यावर आत्ता उद्याचा मेनू लिहिलेला आहे आणि त्याच्या वर एकच एक काळा शब्द आहे. मित्रांनो, तो शब्द मेनूतला नाही. तो तिथे कसा आला, हे सांगायचं तर मला माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

माझं अंग म्हणजे पोलादाचा पातळ पत्रा आणि त्यावर भट्टीत भाजून बसवलेला काचेसारखा थर. त्या थराला छिद्रं नाहीत. म्हणून शाई माझ्यात मुरत नाही, नुसती माझ्यावर बसते आणि फडकं फिरलं की उठून जाते. लहानपणी मला प्रश्न पडायचा की ज्याच्यात काहीच मुरत नाही, त्याला काही आठवणार कसं? या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण आठवतं खरं.

माझी पहिली नऊ वर्षं दुबईच्याच ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत, विज्ञानाच्या वर्गात गेली. तिथे मुनिबा मिस शिकवायच्या. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, आवाज हळू, अक्षर बारीक. मुलांना त्या उत्तरं कमी आणि प्रश्न जास्त द्यायच्या. एकदा त्यांनी दोन थर्मामीटर आणले आणि एकाच्या टोकाला ओल्या कापडाची पट्टी गुंडाळली. कापडातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला थर्मामीटर कमी तापमान दाखवतो. आपला घामही तेच काम करतो. पण ऑगस्टमधल्या दमट दिवशी ओला आणि कोरडा यांच्यातला फरक कमी कमी होत जातो. हवेत आधीच इतकी वाफ असते, की घाम वाळायला जागाच उरत नाही.

नौशीन नावाच्या मुलीने तिचे आकडे माझ्यावर लिहिले, ते भलतेच आले. मिसने विचारलं, "तू थर्मामीटर कुठे ठेवले होतेस?"

"वन अंडर द फॅन, मिस. वन निअर द विंडो."

"मग हा फरक ओल्या कापडामुळे पडला की पंख्यामुळे?"

नौशीनने माझ्यावरचे आकडे पुन्हा वाचले. "आय डोन्ट नो, मिस."

"शाब्बास," मिस म्हणाल्या. "आता दोघांना सारखी जागा दे, सारखा वेळ दे आणि मग तुलना कर."

ते वाक्य माझ्यावर कुणी लिहिलं नव्हतं, तरी ते माझ्याजवळ राहिलं.

पुढे वर्गात मोठे चमकते पडदे आले आणि मला जिन्याखाली ठेवण्यात आलं. दोन वर्षं मी झाडू आणि मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत होतो. शेवटी मुनिबा मिसनी शाळेची परवानगी काढून मला आपल्या मामांच्या हवाली केलं. ते अलीमियाँ, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. त्यांनी मला पिकअपमध्ये दोरीने बांधलं. मिस म्हणाल्या, "मामू, याच्यावर काहीही लिहा, पण बोर्डाच्याच मार्करने लिहा हं." अलीमियाँ म्हणाले, "अगं, फळाच आहे तो. काय होतंय त्याला?"

अशा रीतीने मी कॅम्पमध्ये आलो. सकाळी बसच्या वेळा, संध्याकाळी मेनू, एवढंच माझं काम. ते मला आवडायचं. शाळेतल्या मुलांनी मला कधी इतक्या उत्सुकतेने वाचलं नव्हतं, जितकं इथली माणसं 'अंडा करी' हे दोन शब्द वाचायची.

आणि मग यंदाच्या एप्रिलमध्ये कंपनीने कामगार कल्याण समिती नेमायचं ठरवलं. आमच्या ब्लॉकमधल्या शहाऐंशी जणांनी आपला एक प्रतिनिधी निवडून द्यायचा होता. तो दर महिन्याला वरच्या साहेबांसमोर बसून कामगारांचं म्हणणं मांडणार होता. दोन उमेदवार उभे राहिले. एक अलीमियाँ, गल्फमध्ये बावीस वर्षं काढलेले, फोनवर अरबी बोलणारे, रोज इस्त्रीचा शर्ट घालणारे. दुसरा मिथुन, परभणीकडचा, तिशीतला, परांची बांधणारा. तो जेवताना भातावरून नजर उचलायचा नाही.

रोज माझ्यासमोर तुलना चालायची. "अलीमियाँला अरबी येतं." "मिथुन आपल्यासारखा उन्हात असतो." "मियाँ बोलायला लागला की साहेब गप्प." "मिथुन बोलायला लागला की आपणच विचारतो, कोण बोललं रे?" सगळे हसायचे. मिथुनही हसायचा. मी मात्र गोंधळून जायचो. एकाची जीभ मोजत होते, दुसऱ्याचे हात. एक पंख्याखाली, दुसरा खिडकीत.

त्या गर्दीत एक माणूस हसत नव्हता. तो दत्ताराम, गुहागरचा सुतार, वय बावन्न. आठ मजल्यांच्या इमारतीत तो सातव्या मजल्यावर स्लॅबसाठी प्लायवूड ठोकायचा. पिण्याचं थंड पाणी मात्र तळमजल्यावर होतं. बरोबर नेलेली बाटली दहा वाजता चहासारखी व्हायची. सात मजले उतरून पुन्हा चढायचं म्हणून माणसं पाणीच कमी प्यायची. गेल्या ऑगस्टमध्ये दत्ताराम सातव्या मजल्यावर कोसळला. त्याला स्ट्रेचरवरून खाली आणलं. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. दर अर्ध्या तासाला पाणी प्या, आणि पुन्हा असं झालं तर मी तुमच्या कागदावर 'फिट' लिहिणार नाही. फिट नाही तर काम नाही, काम नाही तर गुहागर.

एका संध्याकाळी दत्ताराम माझ्यासमोर उभा राहिला. खिशातून त्याने पट्टी काढली आणि माझ्यावर तीन सरळ रेघा मारल्या. प्लायवूडवर खुणा करायचा जाड काळा मार्कर त्याच्या हातात होता.

"काय रे दत्ताराम, स्लॅब टाकतोस का भिंतीवर?" अलीमियाँनी विचारलं.

"मियाँ, दोन फळ्या मोजायच्या तर खालची कड एका रेघेत लागते," दत्ताराम म्हणाला. "तुम्हा दोघांना एकच गोष्ट विचारतो. वर पाणी कोण देणार? किती मजल्यांवर, कधीपर्यंत, आणि नाही झालं तर काय?"

मला एकदम ऊद मेथातला वर्ग आठवला.

अलीमियाँ उठून उभे राहिले. "लिही! प्रत्येक मजल्यावर थंड पाणी. पंधरा जूनच्या आत, इन्शाल्ला. आणि नाही झालं तर काय, हे विचारूच नकोस. होणारच!"

टाळ्या पडल्या. दत्तारामने शब्दन् शब्द लिहून घेतला.

मिथुनने घास गिळला. "एका मजल्याआड," तो म्हणाला. "तीस जून. नाही झालं तर मी सकाळी एक कॅन खांद्यावर घेऊन चढेन, दादा." लोक पुन्हा हसले. दत्तारामने तेही लिहिलं.

रविवारी बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. अलीमियाँना सत्तेचाळीस, मिथुनला एकोणचाळीस. दत्तारामने कुणाला मत दिलं, ते मला माहीत नाही. तो ते कधी बोलला नाही.

सोमवारी कॅम्प बॉस फहद फडकं घेऊन माझ्याकडे आला. त्याने एकदा पुसलं, दोनदा पुसलं, मग साबण लावला. "अरे भाई, ये किसने लिखा है? ये तो जाता ही नहीं! मेनू कहाँ लिखूँ मैं?" पक्की शाई उतरवणारा थिनर पेट घेतो, म्हणून तो शेगड्यांजवळ आणायला बंदी होती. शेवटी त्याने मेनू माझ्या खालच्या अर्ध्या भागात लिहिला. अशा रीतीने आमच्याकडे रोज डाळीच्या वर वचन असायचं.

मित्रांनो, अलीमियाँ वाईट माणूस नव्हते. त्यांनी मेसमध्ये दोन नवे पंखे बसवून घेतले, सकाळची बस वेळेवर आणली. पाण्याचंही त्यांनी पहिल्या बैठकीत विचारलं होतं. साहेब 'बघू' म्हणाले आणि विषय तिथेच थांबला. पुसला जाणारा मार्कर असता, तर माझ्यावरूनही तो विषय त्या सोमवारीच गेला असता. पण आता रोज कुणीतरी ताट घेऊन जाताना विचारायचं, "मियाँ, आज तारीख किती?" अलीमियाँ माझ्याकडे पाठ करून बसायला लागले.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी मेस रिकामी होती. अलीमियाँ आले, फोन टेबलावर उभा केला आणि मला मुनिबा मिसचा हळू आवाज ऐकू आला. किती वर्षांनी!

"मामू, सोपं आहे. त्याच अक्षरांवरून बोर्डाच्या मार्करने नीट गिरवा. त्याच्या शाईतला द्रव जुन्या शाईला सोडवतो. वाळायच्या आत पुसा, दोन्ही जातील."

अलीमियाँनी मार्करचं टोपण काढलं. तो मजकूर त्यांनी एप्रिलमध्ये नुसता उच्चारला होता, लिहिला दत्तारामने होता. आता पहिल्यांदाच ते तो स्वतःच्या हाताने लिहीत होते. प्र-त्ये-क. म-ज-ल्या-वर. थंड पाणी. त्यांचा हात सावकाश चालत होता, कारण अक्षर सुटलं तर डाग राहणार होता. 'होणारच' पर्यंत आल्यावर त्यांनी फडकं उचललं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले. माझ्यावरची ओल उडून गेली.

"मामू, गेलं का?"

"नाही. वाळलं."

"मग परत गिरवा."

"नको." ते फडकं खाली ठेवत म्हणाले, "मुनिबा, असल्या दमट हवेत माणूस पाण्याशिवाय किती वेळ काम करू शकतो गं?"

"माझ्याकडे पुस्तकातला आकडा आहे, मामू. तुमच्याकडे तर सात मजले आहेत. जाऊन बघा की."

दुसऱ्या दिवशी ते गेले. मी इथे भिंतीवर, त्यामुळे वर काय झालं ते मी पाहिलं नाही. पण संध्याकाळी ते आत आले, तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. "मियाँ, इस्त्री कुठे सांडली?" कुणीतरी ओरडलं. ते उभ्याउभ्या चार ग्लास पाणी प्यायले आणि ताट घेऊन मिथुनच्या समोर बसले.

"तुझं ते एका मजल्याआड, ते कसं काढलं होतंस?"

"सामानाच्या लिफ्टची दारं दोन, चार, सहा, आठ मजल्यांवरच आहेत, अलीभाई. सकाळची पहिली फेरी सिमेंटची न करता पाण्याची करायची. कॅन तुमच्या स्टोअरमध्ये पडलेत. बास."

"मग हे तू मतदानाआधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की." मिथुनने चमचा माझ्याकडे केला. "दीड महिना लिहिलेलंच आहे."

त्यावर सगळ्यात मोठ्याने हसले ते अलीमियाँ.

पुढच्या बैठकीत साहेबांना पुन्हा 'बघू' म्हणता आलं नाही, कारण अलीमियाँ लिफ्टच्या फेऱ्यांचा तक्ता घेऊन गेले होते. तो तक्ता मिथुनने सांगितला होता आणि त्याच्या रेघा दत्तारामने आखल्या होत्या. अकरा जूनला पाण्याची पहिली फेरी वर गेली. दत्ताराम आता अर्ध्या तासाने एक मजला चढतो, पाणी पितो आणि परत येतो. ऑगस्टमध्ये त्याची तपासणी झाली. डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं. तो कागद त्याने मेसमध्ये सगळ्यांना दाखवला आणि मग, मला वाटतं, थोडासा मलाही.

त्याच दिवशी त्याने बोर्डाचा मार्कर घेऊन जुनी अक्षरं गिरवायला सुरुवात केली. गिरवायचं, पुसायचं. थंड पाणी. पंधरा जून. होणारच. मिथुनचा रकाना गेला, तिन्ही रेघा गेल्या. मी पुन्हा पांढरा होत होतो. फक्त पहिल्या शब्दापाशी येऊन त्याने टोपण लावलं.

"अरे, तो 'प्रत्येक' राहिला," अलीमियाँ म्हणाले.

"पाचव्यावरचा मेस्त्री अजून सहाव्यावर येतो पाणी प्यायला. त्याच्या मजल्यावर आलं की पुसतो, मियाँ."

अलीमियाँनी मान हलवली आणि त्या शब्दाकडे तोंड करून जेवायला बसले.

मित्रांनो, फळ्याची निगा फार अवघड नसते. माझ्यावर पाणी ओतू नका, मला खरवडू नका, योग्य मार्कर वापरा. आणि एवढंच मागतो. माझ्यावर कुणाचा शब्द लिहिलेला दिसला, तर मला स्वच्छ करायची घाई करू नका. फडकं हातात घ्या, पण आधी एक मजला चढून बघून या.